आपल्या डोळ्यांदेखत विझत आलेला तेजोमेघ

(१९९५ साली दहावी झालेल्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातला विस्कळीतपणा थोडा आवरला आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि "तुझ्या कामाबद्दल काहीतरी बोल" असं सांगितलं. माझं काम सॉफ्टवेअरचं. आर्थिक व्यवहारांच्या नोंदी जिथे साठतात ती यंत्रणा चालती ठेवायची, एवढंच. त्यावर जेवणाआधी वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी दहावीत झोपायची तशीच आजही झोपतील. म्हणून विषय बदलून घेतला. तरी शेवटी गाडी नोंदींवर येणारच आहे, त्याला इलाज नाही.

विषय सुचला तो आपल्याच ग्रुपवरून. दिवाळीत कुणीतरी एक चित्र पाठवलं होतं. निळा-तांबूस मोठा डोळा, भोवती पापण्यांसारख्या रेघा. खाली मजकूर : "हा देवाचा डोळा. तीन हजार वर्षांतून एकदाच दिसतो. दहा जणांना पाठवा." हे चित्र मी नोकरीला लागले तेव्हा ईमेलवर यायचं, आता व्हॉट्सॲपवर येतं. चित्र खरं आहे. मजकूर खोटा आहे. तो हेलिक्स नावाचा तेजोमेघ, कुंभ राशीत, आपल्यापासून सुमारे ६५० प्रकाशवर्षांवर. तीन हजार वर्षं थांबायची गरज नाही, आत्ता कार्तिकात अंधार पडल्यावर तो दक्षिणेला असतो. अंधाऱ्या जागी चांगली द्विनेत्री घेऊन शोधला तर धुरकट ठिपका दिसतो. डोळा मात्र दिसत नाही, तो कॅमेऱ्यालाच दिसतो.

अशा तेजोमेघांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. विल्यम हर्शलने १७८१ मध्ये युरेनस शोधला. त्यानंतरच्या वर्षांत दुर्बिणीतून आकाश धुंडाळताना त्याला काही गोल, फिकट, हिरवट चकत्या दिसल्या. त्या त्याला त्याच्या युरेनससारख्या वाटल्या, म्हणून हे नाव. पुढे सगळ्यांना कळलं की हे ग्रह नव्हेत, तरी नाव टिकलं. एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही याचे दाखले या सभागृहातही बसलेले आहेत, मी नावं घेत नाही. मराठीत मात्र कुणा जाणकाराने 'बिंबाभ्रिका' असा शब्द केला. बिंबासारखी दिसणारी अभ्रिका. इंग्रजी नावापेक्षा तो जास्त प्रामाणिक आहे असं मला वाटतं, पण तो कुणी वापरत नाही.

आता हे असतं काय? आपल्या सूर्यासारखा तारा आयुष्याचा मोठा भाग एकच काम करतो. पोटातल्या दीड कोटी अंश तापमानात हायड्रोजनचा हेलियम करणं. सूर्याला हे करता करता सुमारे ४६० कोटी वर्षं झाली आणि अजून जवळजवळ ५०० कोटी वर्षांचं इंधन आहे. म्हणजे सूर्य बरोबर आपल्याच वयाचा. पन्नाशीकडे झुकलेला, प्रकृती ठीक, नोकरी चालू.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, तापतो आणि बाहेरचा भाग फुगतो. तारा लाल राक्षसी होतो. सूर्य त्या अवस्थेत बुधाला आणि शुक्राला गिळेल, पृथ्वीबद्दल अजून वाद आहे. गाभ्याचं तापमान दहा कोटी अंशांच्या आसपास गेलं की हेलियम पेटतो आणि त्यापासून कार्बन आणि ऑक्सिजन बनतात. तोही हेलियम संपला की गाभ्याभोवतीच्या दोन पातळ थरांत, एकात हायड्रोजन आणि एकात हेलियम, असं आलटून पालटून जळत राहतं. चुलीत ओली लाकडं घातली की मधूनच भडका उडतो आणि मधूनच नुसता धूर होतो, तसं. या धगधगीत ताऱ्याचं बाहेरचं आवरण हळूहळू सुटून निघून जातं, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने. ताऱ्याच्या मानाने ही फुंकरच. पण हजारो वर्षं चालली की ताऱ्याचं निम्मं वस्तुमानसुद्धा जाऊ शकतं.

आवरण गेलं की आतला गाभा उघडा पडतो. तो भयंकर गरम, तीस हजारांपासून लाखभर अंशांपर्यंत, काही तर त्याहून जास्त. त्यातून निघणारे अतिनील किरण आधी सोडून दिलेल्या वायूवर पडतात आणि तो वायू ट्यूबलाइटमधल्या वायूसारखा उजळतो. मागून एक वेगवान वारा येतो आणि आधीचा संथ वायू पुढे ढकलून त्याचं कवच करतो. सन क्वोक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे मांडलं. त्याआधी हा वायू एका झटक्यात फेकला जातो अशी समजूत होती. तसं नाही. तारा स्फोट होऊन जात नाही, तो आधी पसारा सोडतो आणि मग दिवा लावतो.

हा दिवा फार वेळ राहत नाही. दहा-वीस हजार वर्षांत वायू इतका पसरतो की दिसेनासा होतो आणि गाभा निवत जाऊन श्वेतबटू उरतो. आकार पृथ्वीएवढा, चमचाभर द्रव्याचं वजन काही टन. सूर्याचं हजार कोटी वर्षांचं आयुष्य माणसाच्या ऐंशी वर्षांत बसवलं तर तेजोमेघाचा हा काळ तासाभराच्या आसपास येतो. मी मुद्दाम हिशेब करून पाहिला. गणिताचे सर समोर बसलेत, चूक निघाली तर जेवताना सांगा.

'मरणारा तारा' हे शब्द तुम्ही मथळ्यांत वाचले असतील. मला ते पटत नाहीत. ताऱ्याने पोटात बनवलेला कार्बन जोवर पोटात आहे तोवर कुणाच्याच कामाचा नसतो. आवरणाबरोबर जो बाहेर येतो तोच पुढच्या ताऱ्यांत, ग्रहांत, झाडांत आणि आपल्यात जातो. आपल्या अंगातल्या कार्बनचा आणि नायट्रोजनचा मोठा वाटा असाच म्हाताऱ्या ताऱ्यांकडून आलेला आहे.

हा वायू आहे हे कळलं कसं, तेही थोडक्यात सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री लंडनजवळ विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला. ताऱ्यांसारखा सलग रंगीत पट्टा दिसायच्या ऐवजी त्याला एक चमकदार हिरवी रेषा दिसली आणि तिच्या जवळ एक-दोन फिकट. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, तापलेला विरळ वायू. पण ती हिरवी रेषा कुठल्याच ठाऊक मूलद्रव्याची नव्हती, म्हणून एक नवं मूलद्रव्य कल्पून त्याला 'नेब्युलियम' नाव दिलं गेलं. साठ वर्षांहून जास्त काळ हे न सापडलेलं मूलद्रव्य पुस्तकांत होतं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवलं की हा आपला साधा ऑक्सिजनच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहजी साधत नाही इतक्या विरळ अवस्थेतला. हिरवी रेषा म्हणजे ग्रहीय तेजोमेघाची सही, एवढं लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. वृश्चिकाच्या नांगीच्या खाली, दक्षिणेला, एक अगदी मंद तारा आहे. त्याचं नाव एसएओ २४४५६७. आपल्या किनाऱ्यावरून तो क्षितिजापासून वीतभरही वर येत नाही आणि नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याची पहिली दखल घेतली कार्ल हेनाइझ नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने. १९५० च्या सुमारास तो दक्षिण आफ्रिकेतून दक्षिणेचं आकाश तपासत होता आणि ज्यांच्या वर्णपटात हायड्रोजनची तेजस्वी रेषा दिसते अशा ताऱ्यांची यादी करत होता. ती यादी १९७६ मध्ये छापली गेली, त्यात हा तारा १३५७ वा. (हाच हेनाइझ पुढे अंतराळवीर झाला आणि १९८५ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, स्पेस शटलमधून जाऊन आला. आजच्या सभेत पन्नाशीची धास्ती घेतलेल्यांसाठी ही माहिती.)

१९७१ मध्ये या ताऱ्याचा वर्णपट घेतला गेला. एक गरम, निळसर तारा, हायड्रोजनची रेषा, बाकी विशेष काही नाही. ती हिरवी सही नाही. नोंद झाली आणि कपाटात गेली.

१९८३ मध्ये आयरास हा उपग्रह दहा महिने अवरक्त किरणांत आकाश पाहत होता. त्याच्या यादीतून बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतले एम. पार्थसारथी म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीची कोमट धूळ शोधत होते. तारा राक्षसी अवस्था सोडून निघालाय पण तेजोमेघ अजून पेटला नाही, अशा मधल्या टप्प्यावरचे तारे त्यांना हवे होते. त्यात हा तारा पुढे आला. १९९० आणि १९९२ मध्ये त्याचे नवे वर्णपट घेतले, तर हिरवी सही ठळक! पार्थसारथी आणि त्यांच्या स्पेन आणि नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शोधनिबंध लिहिला. गेल्या ४० वर्षांच्या आत हा तारा ग्रहीय तेजोमेघ झाला आहे, हे त्याच्या शीर्षकातच होतं.

थांबून विचार करा. हजारो-लाखो वर्षांत घडणारी गोष्ट म्हणून आपण जी शिकतो, तिचा एक टप्पा एका माणसाच्या नोकरीच्या काळात घडला. वायू आधीच बाहेर पडलेला होता, तारा तापत गेला आणि दिवा लागला तो आपण सगळे पाळण्यात किंवा बालवाडीत असताना. हो, प्रकाश इथवर यायला हजारो वर्षं लागली, म्हणजे प्रत्यक्षात ते फार पूर्वी घडून गेलंय. पण पृथ्वीवर बातमी आली ती आपल्या लहानपणी.

१९९६ मध्ये हबल दुर्बिणीने त्याचं चित्र काढलं. आपली दहावी होऊन एक वर्ष झालं होतं, मी डिप्लोमा की बारावी या घोळात होते. चित्रात एक तिरकं कडं, वरखाली फुगे, आणि आतल्या ताऱ्याला एक सोबतीही दिसला. आकारावरून मॅथ्यू बोब्रोव्स्कीने त्याला स्टिंगरे म्हटलं, म्हणजे आपल्या बंदरावर येतो तो पाकट. त्या वेळी ठाऊक असलेल्या ग्रहीय तेजोमेघांत हा सगळ्यात लहान वयाचा.

पुढे जे झालं ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ निकोल राइंडल आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या सगळ्या नोंदी एकत्र लावल्या. १९७१ ते २००२ या काळात ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान जवळजवळ चाळीस हजार अंशांनी वाढलं होतं. आणि त्यानंतर तो निवायला आणि पुन्हा फुगायला लागला होता. त्यांचा अंदाज असा की गाभ्याभोवतीच्या हेलियमच्या थरात शेवटचा एक भडका उडाला. चुलीतलं लाकूड विझलं म्हणून उठावं आणि मागून पुन्हा ज्वाळा दिसावी, तसा.

हबलने २०१६ मध्ये पुन्हा चित्र काढलं. ब्रूस बॅलिक, मार्तिन गेरेरो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही चित्रं ताडून पाहिली. कडं अजून होतं, पण भोवतीचे निळसर फुगे जवळजवळ गेले होते. ऑक्सिजनच्या त्या हिरव्या रेषेची चमक वीस वर्षांत जवळजवळ हजार पटीने घटली होती. तारा निवला, तीव्र अतिनील किरण कमी पडले, ऑक्सिजनने आपले इलेक्ट्रॉन परत घेतले. मघाच्या ऐंशी वर्षांच्या हिशेबात ही वीस वर्षं म्हणजे पाच सेकंद.

आता माझ्या धंद्याची दोन वाक्यं. ही दोन चित्रं दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेली. १९९६ चा कॅमेरा २००९ मधल्या दुरुस्तीत हबलमधून काढला आणि दुसरा बसवला. तेव्हा "आधी उजळ होतं, आता मंद आहे" असं नुसतं चित्र बघून म्हणता येत नाही, कदाचित कॅमेराच वेगळा बघत असेल. तसं म्हणता आलं, कारण मूळ आकडे जपलेले होते. कुठला फिल्टर, किती सेकंद, ज्ञात ताऱ्यांवरून कॅमेरा कसा तपासला, सगळं. तुमच्या फोनवर येतं ते रंगीत चित्र हा त्या आकड्यांचा पोशाख. मूळ माल करडा असतो.

आमच्याकडे दर वर्षी एक भांडण ठरलेलं : जुने लॉग किती दिवस ठेवायचे? साठवायला पैसे पडतात आणि नव्वद टक्के ओळी कुणी कधी उघडत नाही. खरंय. पण कुठल्या दहा टक्के लागतील हे आधी सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. या ताऱ्याच्या कथेत सगळ्यात मोलाची नोंद कुठली, असं मला विचाराल तर मी हबलचं नाव घेणार नाही. मी १९७१ चं नाव घेईन. तिथे काहीच नव्हतं. हिरवी रेषा नाही, हे कुणीतरी पाहून ठेवलं होतं. ते नसतं तर १९९० मध्ये रेषा दिसल्यावर "हा एक तेजोमेघ" म्हणून यादीत आणखी एक नाव पडलं असतं आणि तो आत्ताच पेटलाय हे कधीच कळलं नसतं.

'नाही' हे लिहून ठेवायला मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नाही. ते याच शाळेत शिकवलं. विहिरीजवळचं पर्जन्यमापक आठवतंय ना? सकाळी साडेआठला दोघांनी जायचं, पाणी मापात ओतायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. पाऊस नसेल त्या दिवशीही जायचं. आणि भूगोलाच्या बाईंचा दंडक : पाऊस नसेल तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. "रिकामा म्हणजे तुम्ही गेला नाहीत. शून्य म्हणजे गेलात आणि पाऊस नव्हता." बाई, आज मी ज्यांना कामावर घेते त्या मुलांना शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरक समजवायला मला अर्धा दिवस लागतो. तुम्ही आम्हाला तो आठवीत, पायात चिखल असताना समजावला होता.

ती रजिस्टरं अजून आहेत. काल प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात पाहून आले. काहींना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे, काहींची शाई पसरली आहे, पण आकडे वाचता येतात. आपल्यातल्या निम्म्यांचं अक्षर मी ओळखलं. मे महिन्यात ही जुनी इमारत पाडायची आहे आणि कपाटं जाणार आहेत. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. दोन रविवार, पाच-सहा जण, चांगल्या कॅमेऱ्याचे फोन, एवढंच लागेल. पानांचे फोटो, मग आकडे टंकून घ्यायचे, ते मी बघते. तीस-चाळीस वर्षांच्या एका गावच्या पावसाचं पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. हेनाइझलाही १३५७ क्रमांकाचं काय होणार ते सांगता आलं नसतं. नावं द्यायची असतील त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा. परदेशातून आलेल्यांनी टंकायचं काम घ्यावं, तेवढं तिकडून जमतं.

पाकटाचं पुढे काय? याच वेगाने मंदावत गेला तर २०-३० वर्षांत तो जेमतेम दिसेल, असं २०२० मध्ये नासाने म्हटलं. राइंडल यांच्या गटाच्या गणिताप्रमाणे मधला तारा काही शतकांत पुन्हा फुगून लाल राक्षसी होईल, म्हणजे जिथून निघाला तिथेच परत. गणित बरोबर आहे का ते आपल्या नातवंडांच्या काळातल्या नोंदी सांगतील. आपण पंचाहत्तरीत असू तेव्हा त्यातली पहिली काही पानं भरलेली असतील.

एक सूचना. संध्याकाळी सात वाजता मैदानात नववीची मुलं सहा इंची दुर्बीण लावणार आहेत. पश्चिमेला अभिजित असेल, त्याच्या जवळच्या दोन ताऱ्यांच्या मध्ये कंकणाकृती तेजोमेघ आहे, दोन हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवरचा. तुम्हाला दिसेल ते भातावरच्या वाफेसारखं राखी रंगाचं इवलंसं कडं. रंग दिसणार नाही, म्हणून मुलांवर चिडू नका. मैदानातले दिवे सव्वासहाला बंद होतील, तेव्हा मोबाइलच्या टॉर्च खिशातच ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, माझ्या भाषणाएवढी.

सोलकढी गार करून ठेवली आहे, चला.